ग्रेटनाचं उसनं अवसान

स्कॉटलंडच्या ग्रेटना फुटबॉल क्लबचा विषय निघाला की 'परीकथा' हा शब्द हमखास येतो. जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, इंग्लंडच्या हद्दीला खेटून असलेलं, आणि त्या गावाचा संघ लागोपाठ तीन हंगामांत तीन श्रेण्या ओलांडून रेंजर्स आणि सेल्टिक या ग्लासगोच्या बड्या क्लबांच्या पंगतीला जाऊन बसतो. ऐकायला छानच आहे. पण मला हा शब्द फार खटकतो. या गोष्टीच्या शेवटी ६२ वर्षांचा क्लब पुसला गेला आहे. तो का पुसला जाणार हे डोळे उघडे ठेवणाऱ्या कुणालाही आधीच दिसत होतं. अशा गोष्टीला परीकथा म्हटलं की कुणालाच जाब विचारावा लागत नाही. एका माणसाच्या खिशावर अख्खा क्लब उभा राहिला, स्कॉटिश फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी तो तसा उभा राहू दिला, आणि तो माणूस आजारी पडल्यावर काही आठवड्यांत सगळं कोसळलं.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान गावाचा क्लब ही त्या गावाची सामाईक ठेव असते. ती एकाच माणसाच्या तब्येतीवर आणि मर्जीवर टांगलेली राहता कामा नये, तो माणूस कितीही दिलदार असला तरी. आणि ही काळजी गावाच्या शहाणपणावर सोडून भागत नाही, ती नियमांत आणि कायद्यातच असावी लागते.

आधी गावाबद्दल थोडं. ग्रेटना ग्रीन हे नाव पळून जाऊन केलेल्या लग्नांमुळे जगभर माहीत आहे. १७५४ साली इंग्लंडात विवाहाचा कायदा कडक झाला आणि एकवीस वर्षांखालच्यांना आईवडिलांची संमती लागू लागली. स्कॉटलंडात ती लागत नव्हती. त्यामुळे हद्द ओलांडली की लोहाराच्या ऐरणीपुढे लग्न लागायचं. त्याला लागूनच असलेलं ग्रेटना मात्र बरंच नवं. पहिल्या महायुद्धात इथे कॉर्डाइट, म्हणजे तोफा-बंदुकांची दारू, बनवण्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि त्याच्या कामगारांसाठी हे गाव वसवलं गेलं. त्या कारखान्यात हजारो तरुण स्त्रिया नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटनचा लगदा हातांनी मळायच्या. आर्थर कॉनन डॉइल यांनी त्या लगद्याला 'सैतानाची लापशी' म्हटलं होतं. युद्ध संपलं, कारखाना गेला, गाव उरलं. मग दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या जवानांनी १९४६ मध्ये इथे क्लब काढला. कुण्या सावकारानं काढलेला हा क्लब नव्हता, हे मला इथेच नोंदवून ठेवायचं आहे.

हा क्लब स्कॉटलंडचा, पण खेळायचा इंग्लंडच्या लीगमध्ये. कार्लाइल शहर दहाएक मैलांवर, तेव्हा ते सोयीचंच होतं. आधी कार्लाइल परिसरातली लीग, १९८२ पासून उत्तर इंग्लंडातल्या लहान क्लबांची नॉर्दर्न लीग. तिथे १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. १९९१ मध्ये ग्रेटना एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पोचला आणि रॉचडेलसारख्या व्यावसायिक संघाला गोलशून्य बरोबरीत रोखून फेरसामन्यात हरला. १९९३ मध्ये बोल्टनविरुद्ध ३-२ अशी निसटती हार झाली. तीन हजारांच्या गावाला यापेक्षा जास्त काय हवं? हा काळ कुणी आठवत नाही, कारण यात कोट्यधीश नाही. पण ग्रेटनाचा खरा इतिहास मला इथेच दिसतो. पैसा येण्याआधी हा क्लब छप्पन्न वर्षं स्वतःच्या पायावर चालत होता.

२००२ मध्ये एअरड्रिओनियन्स हा जुना क्लब कर्जात बुडाला आणि स्कॉटिश लीगमध्ये एक जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी मतदान झालं आणि ग्रेटनाची निवड झाली. एका क्लबच्या मरणातून दुसऱ्याला दार उघडलं. हे पुढेही घडणार होतं.

मग ब्रूक्स माइलसन आले. संडरलंडकडचे, विम्याच्या धंद्यात पैसा कमावलेले. लहानपणी पाठीचा कणा मोडला होता, चालता येणार नाही असं सांगितलं गेलं होतं, पुढे ते क्रॉस-कंट्री धावले. घराजवळ जखमी आणि टाकून दिलेल्या प्राण्यांचा मोठा गोतावळा सांभाळायचे. नॉर्दर्न लीगला प्रायोजकत्व त्यांच्या कंपनीनं दिलं होतं, छोट्या क्लबांबद्दलचा त्यांचा जिव्हाळा खरा होता. त्यांनी ग्रेटनाला लुटलं असं कुणी म्हणू शकत नाही. उलट दिलं, भरभरून दिलं. म्हणून तर हे उदाहरण महत्त्वाचं. लुच्च्या मालकाच्या हातून क्लब बुडाला की आपण मालकाला शिव्या देऊन मोकळे होतो. इथे मालक भला होता, आणि तरीही क्लब बुडाला.

पैशानं काय केलं ते आकड्यांत बघा. २००४-०५ च्या हंगामात चौथ्या श्रेणीत ३६ सामन्यांत १३० गोल आणि ९८ गुण. त्यात केनी डॉयकर हा पेशानं डॉक्टर असलेला खेळाडू, त्यानं एका हंगामात सहा वेळा हॅटट्रिक केली. पुढच्या वर्षी तिसरी श्रेणी जिंकली, आणि त्याच वर्षी १३ मे २००६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटिश कपचा अंतिम सामना. समोर एडिनबराचा हार्ट्स. मैदानात ५१,२३२ माणसं. तिसऱ्या श्रेणीतला संघ त्याआधी कधीच तिथवर पोचला नव्हता.

त्या सामन्यातला एक क्षण सांगतो. हार्ट्स एका गोलनं पुढे. शहात्तराव्या मिनिटाला ग्रेटनाला पेनल्टी मिळाली. रायन मॅकगफीनं मारली, गोलकीपर क्रेग गॉर्डननं ती अडवली. चेंडू परत फुटून आला आणि मॅकगफीनंच धावत जाऊन तो जाळ्यात घातला. १-१. जादा वेळेतही निकाल लागला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये ग्रेटनाच्या डेरेक टाउन्सलीची किक अडवली गेली आणि गॅव्हिन स्केल्टनची आडव्या दांड्यावर आदळली. हार्ट्स ४-२ नं जिंकलं. हे स्केल्टनचं नाव लक्षात ठेवा.

पुढच्या हंगामात दुसरी श्रेणी. २८ एप्रिल २००७, शेवटचा दिवस, उत्तरेला डिंगवॉलमध्ये रॉस काउंटीशी सामना. बरोबरी झाली तर विजेतेपद सेंट जॉन्स्टनकडे जाणार होतं. अगदी शेवटी जेम्स ग्रेडीनं गोल मारला, ग्रेटना ३-२ नं जिंकलं आणि एका गुणानं स्कॉटलंडच्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेलं.

आणि गावातल्या माणसासाठी क्लब त्याच दिवशी गावातून गेला. प्रीमियर लीगचा नियम होता की मैदानात किमान ६,००० आसनं हवीत. ग्रेटना गावातलं म्हातारं-कोतारं, तान्हं मूल, सगळं उचलून नेऊन बसवलं तरी निम्मी आसनं रिकामी राहिली असती! गावातलं रेडेल पार्क हे मैदान अर्थातच नियमात बसलं नाही. संघ आपले 'घरचे' सामने सुमारे ७५ मैलांवर मदरवेल या क्लबच्या फर पार्क मैदानावर खेळू लागला. घरच्या सामन्याला दोन-अडीच तासांचा जाऊन-येऊन प्रवास. या नियमाबद्दल मला खरोखर राग आहे. पूर्वी तर हा आकडा १०,००० होता. त्यापायी २००४-०५ मध्ये इनव्हरनेसच्या संघाला काही महिने अ‍ॅबर्डीनमध्ये खेळावं लागलं, तेव्हा कुठे तो ६,००० वर आला. सुरक्षितता समजू शकते. पण आसनांच्या संख्येचा सुरक्षिततेशी काय संबंध? तो संबंध आहे दूरचित्रवाणीवर मैदान कसं दिसतं याच्याशी. खेळात जिंकून वर आलेल्या गावाला त्याच्याच संघापासून तोडणारा नियम कुणाच्या भल्यासाठी होता?

५ एप्रिल २००८ ला इनव्हरनेसविरुद्धच्या सामन्याला फर पार्कवर ४३१ माणसं होती. प्रीमियर लीगमधला तोवरचा नीचांक. दोन वर्षांपूर्वी एक्कावन्न हजार, आता चारशे एकतीस. ज्यांनी नॉर्दर्न लीगच्या दिवसांत रेडेल पार्कच्या कठड्याला टेकून पावसात सामने बघितले, त्यांना त्या दिवशी त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही.

तोवर निकाल लागलाच होता. फेब्रुवारी २००८ मध्ये माइलसन गंभीर आजारी पडले, पैशाचा ओघ थांबला. मार्चमध्ये क्लब दिवाळखोरीत जाऊन प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि १० गुण कापले गेले. हंगाम कसाबसा लीगनंच पैसे पुरवून पुरा करून घेतला. जूनमध्ये क्लबनं लीगमधली जागा सोडली, ऑगस्टमध्ये तो अधिकृतपणे संपला. नोव्हेंबरमध्ये माइलसन वारले.

आता विरुद्ध बाजू, जी मला हलकी वाटत नाही. ग्रेटनाचे काही लोक म्हणतात, आम्ही हॅम्पडन बघितलं, युरोपातला युएफा कप बघितला, सेल्टिकशी खेळलो. हे सगळं दुसऱ्या कुठल्या वाटेनं आमच्या वाट्याला आलं असतं का? नसतं आलं. ते दिवस खोटे होते असं मी म्हणणार नाही. मॅकगफीचा गोल खरा होता. मी एवढंच विचारतो की त्या आनंदाची किंमत गावाला आधी कुणी सांगितली होती का? गावानं ती देऊ केली होती का? त्या वर्षांत गावाला एकदाही मत विचारलं गेलं नाही. वर चढायचा वेग ठरवताना नाही, पगार ठरवताना नाही, मदरवेलला जाताना नाही. उसनं अवसान आणून माणूस चार पावलं धावतो, पण ते उसनं आहे हे त्याला ठाऊक असतं. इथे उसनवारी केली एकानं आणि धाप लागली सगळ्या गावाला.

दुसरा आक्षेप असा येतो की शेवटी हा धंदा आहे, मालकाचा पैसा, मालकाचा निर्णय. याला माझं उत्तर मोठं करायची गरज नाही. किराणा दुकान बंद पडलं तर माणसं शेजारच्या दुकानात जातात. गावाचा क्लब बंद पडला तर शेजारच्या गावाचा क्लब आपला होत नाही. ग्रेटना संपल्यावर लीगमधली रिकामी जागा मिळाली आठ मैलांवरच्या अ‍ॅनन अ‍ॅथलेटिकला. अ‍ॅनननं ती जागा छान सांभाळली आहे, २००८ पासून आजवर शांतपणे, २०२३ मध्ये एक पायरी वरही चढला. मला अ‍ॅननचं कौतुकच आहे. पण ग्रेटनाच्या माणसाला त्यात काय?

म्हणूनच हॅम्पडनवरच्या दुसऱ्या संघाचं पुढे काय झालं ते बघणं भाग आहे. हार्ट्ससुद्धा त्या दिवशी एका माणसाच्या पैशावर खेळत होता. लिथुआनियातून आलेले बँकर व्लादिमीर रोमानोव्ह यांनी तो क्लब घेतला होता. पुढे त्यांची बँक बुडाली, आणि जून २०१३ मध्ये हार्ट्सही प्रशासकाच्या हाती गेला. १५ गुण कापले, पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला. अगदी ग्रेटनासारखंच. फरक पडला तो पुढे. हार्ट्सच्या हजारो समर्थकांनी महिन्याकाठी वर्गणी भरायला सुरुवात केली. व्यावसायिक अ‍ॅन बज यांनी मधल्या काळात क्लब सावरला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये मालकी समर्थकांच्या संस्थेकडे आली. एडिनबरासारख्या शहरात ते जमलं, कारण वर्गणी भरायला तिथे माणसं होती. ग्रेटनाकडे ती नव्हती. याचा अर्थ उलट काढायचा: क्लब जितका लहान, तितकं त्याला आधीपासून संरक्षण जास्त हवं. बुडाल्यावर वाचवणारं कुणी नसतं.

वर्गणीचे क्लब गरीब राहतात, मोठा पैसा येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. २०२५ मध्ये हार्ट्सच्या समर्थकांनी मत देऊन टोनी ब्लूम या गुंतवणूकदाराला २९ टक्के शेअर दिले, पण मतदानाचा हक्क नसलेले. पैसा आला, किल्ल्या घरातच राहिल्या. आणि ज्या फर पार्कवर ग्रेटनानं शेवटचे दिवस काढले तो मदरवेलचा क्लबही २०१६ पासून समर्थकांचा आहे. २०२४ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूकदाराचा प्रस्ताव आला, त्यात समर्थकांचं बहुमत जाणार होतं. सभासदांनी मतदान करून तो नाकारला. तो नकार बरोबर होता की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण प्रश्न त्यांना विचारला गेला.

लहान गावानं महत्त्वाकांक्षाच ठेवू नये, असं मी मुळीच सुचवत नाही. आर्ब्रोथ बघा. उत्तर समुद्राच्या काठावरचं कोळ्यांचं गाव, ग्रेटनापेक्षा बरंच मोठं, तरी गावच. १८७८ चा क्लब, आणि गेफील्ड पार्क हे मैदान समुद्राला इतकं चिकटून की वादळी दिवशी लाटांचे शिंतोडे आत येतात. १२ सप्टेंबर १८८५ ला याच मैदानावर त्यांनी बॉन अ‍ॅकॉर्डला ३६-० असं हरवलं होतं, एकट्या जॉकी पेट्रीनं १३ गोल मारले होते. बंदरावरच्या लाल दिव्यावरून इथल्या माणसांना 'रेड लिक्टीज' म्हणतात. २०२१-२२ मध्ये डिक कॅम्पबेल यांच्या हाताखाली हा संघ प्रीमियर लीगच्या उंबरठ्यावर गेला. बहुतेक खेळाडू अर्धवेळ, दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. किल्मारनॉकनं शेवटच्या आठवड्यांत त्यांना गाठलं आणि दोन गुणांनी मागे टाकलं. २०२४ मध्ये आर्ब्रोथ खालच्या श्रेणीत घसरला, २०२५ मध्ये परत वर आला. असा खालीवर होणारा क्लब म्हणजे जिवंत क्लब. कमाईएवढाच खर्च केला की घसरण म्हणजे मरण ठरत नाही.

हे मला इतकं जवळचं का वाटतं तर मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मोठा झालो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, ही नावं आमच्याकडे पेठांची नावं असल्यासारखी घेतली जातात. एखाद्या वर्षी पाठीराख्या पुढाऱ्यानं हात आखडता घेतला तर हंगाम फिका जातो, पण तालमीला कुलूप लागत नाही, कारण तालीम पेठेची असते. याउलट मुंबईचा महिंद्रा युनायटेड. २००५-०६ मध्ये, म्हणजे ग्रेटना हॅम्पडनवर गेला त्याच हंगामात, हा संघ देशाचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. त्यांचा संघ, त्यांचा निर्णय. तो परत आणण्यासाठी वर्गणी काढायची म्हटली तर कुणाच्या दारात जायचं, हेच कुणाला सांगता आलं नसतं.

मग करायचं काय? दात्याचा पैसा नको असं म्हणणं वेडेपणाचं होईल. पण तो कशात घालायचा यावर बंधन हवं. मैदान, दिवे, मुलांचा सराव, पाण्याचा निचरा, यात हवा तेवढा घालावा. दाता गेला तरी ते मागे राहतं. पगार मात्र क्लबच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यातच बसले पाहिजेत. आणि कुणाला तीन वर्षांच्या करारावर खेळाडू आणायचाच असेल, तर त्या तीन वर्षांचा पगार परवाना देणाऱ्या संस्थेकडे आधी ठेव म्हणून ठेवावा. माइलसन आजारी पडले त्या दिवशी अशी ठेव असती, तर क्लब खालच्या श्रेणीत गेला असता, संपला नसता. मैदान क्लबपासून वेगळं काढून विकायचं झालं तर समर्थकांच्या संस्थेची लेखी संमती लागावी. आणि मालकी बदलताना पहिला हक्क गावाच्या माणसांचा असावा.

हे शेवटचं काही हवेतलं नाही. स्कॉटलंडच्या २०१५ च्या समाज-सक्षमीकरण कायद्यात फुटबॉल क्लबांसाठी एक वेगळा भागच आहे. समर्थकांना कारभारात वाटा देण्यासाठी आणि क्लब विकत घेता यावा यासाठी नियम करायचा अधिकार त्या भागानं मंत्र्यांना दिला आहे. ग्रेटना मेल्यावर सात वर्षांनी आलेली ही तरतूद. तिकडे इंग्लंडनं २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदाच केला. तो नियामक हद्दीपर्यंतच पाहणार; ग्रेटना हद्दीच्या दोन पावलं अलीकडे, स्कॉटलंडात. एडिनबराच्या संसदेत बसलेल्यांनी आपल्याच कायद्याचा तो भाग उघडावा आणि कामाला लावावा. पुढचा क्लब बुडाल्यावर चौकशी समिती नेमण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

१३ मे २००८. हॅम्पडनच्या त्या अंतिम सामन्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. फर पार्कवर ग्रेटनाचा शेवटचा सामना, आणि योगायोगानं समोर पुन्हा हार्ट्स. पगाराचा पत्ता नाही, उद्या क्लब राहणार नाही हे सगळ्या खेळाडूंना ठाऊक. तरी ग्रेटना १-० नं जिंकलं. गोल गॅव्हिन स्केल्टनचा, ज्याची किक हॅम्पडनवर दांड्याला लागली होती त्याचाच.

त्या उन्हाळ्यात समर्थकांच्या संस्थेनं 'ग्रेटना २००८' या नावानं नवा क्लब काढला. ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये, अगदी तळाशी. सुरुवातीला मैदानही नव्हतं, अ‍ॅननच्या एका मैदानावर खेळावं लागलं. २०१० मध्ये ते रेडेल पार्कवर परतले. गावातल्या माणसाला आता सामन्याला जायला बस लागत नाही.